आभासी भट्टी आणि मराठवाड्याचे लोखंड

लातूरच्या शिकवणी-वर्गांच्या गल्ल्यांतून आणि नांदेडच्या वसतिगृहांतून सध्या एक तक्रार वारंवार ऐकू येते. मुले रात्रीच्या रात्री मोबाइलपुढे बसून कसल्याशा खाणी खणतात, खनिज गाळतात, भट्ट्या लावतात आणि सकाळी वर्गात डुलक्या घेतात. तक्रार करणारांत पालक आहेत, प्राध्यापक आहेत, पारितोषिक-वितरणाला बोलावलेले पुढारीही आहेत. तक्रार खोटी नाही. कोरडवाहू रानातल्या सोयाबीनवर कर्ज काढून ज्या बापाने मुलाला ‘लातूर पॅटर्न’च्या स्वाधीन केले, त्याला मुलाच्या वाया गेलेल्या रात्रीची किंमत कळते. परंतु या तक्रारदारांपैकी फारच थोड्यांनी तो खेळ उघडून पाहिला असावा. आम्ही तो पाहिला, आणि आमचा आक्षेप वेगळा आहे. खेळ वेळ खातो एवढेच त्याचे पाप असते, तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. साधनसंपत्तीचे नियोजन नावाच्या एका अत्यंत गंभीर शास्त्राचा अर्धा भाग तो चोख शिकवतो आणि उरलेला अर्धा भाग मातीआड करतो. हाच उरलेला अर्धा भाग आमचे राज्यकर्तेही गेली अनेक वर्षे मातीआड करीत आलेले आहेत.

या जातीच्या खेळांत ‘माइनक्राफ्ट’ हे सर्वांत मोठे नाव. स्वीडनमधील एका लहानशा कंपनीने तो २०११ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आणला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून ती कंपनीच विकत घेतली. खेळाडू एका अनोळखी मुलखात रिकाम्या हाताने उभा असतो. आधी झाड तोडून लाकडी टिकाव, त्या टिकावाने दगड, दगडाचा टिकाव आणि मग लोहखनिज, अशी चढण आहे. पायरी गाळता येत नाही. लाकडी टिकावाने लोहखनिज फुटते, पण हाती काही लागत नाही. ८ दगडांची एक भट्टी होते. तिच्यात एका खनिजाची एक लगड व्हायला १० सेकंद लागतात आणि एका कोळशात ८ लगडी निघतात. खाणीतला कोळसा मिळाला नाही तर लाकूड भाजून लोणारी कोळसा करावा. त्याचीही ताकद तेवढीच.

आता हिशेब पाहा. डोक्यापासून पायापर्यंतच्या लोखंडी चिलखताला २४ लगडी, टिकावाला ३, तलवारीला २, ढालीला १ आणि दोन बादल्यांना ६, अशा एकूण ३६. एका भट्टीत त्या गाळायला ६ मिनिटे आणि ५ कोळसे लागतात. घाई असलेला मुलगा तीन भट्ट्या मांडतो, बारा-बारा खनिजे वाटून टाकतो आणि २ मिनिटांत मोकळा होतो. पण प्रत्येक भट्टीला दीड कोळशाची गरज असताना दोन-दोन टाकावे लागतात आणि पाचाच्या जागी ६ कोळसे खर्ची पडतात. वेळ वाचवला की इंधन जाते, इंधन वाचवले की वेळ जातो. गणिताच्या तासाला मागच्या बाकावर झोपणारा मुलगाही हा ताळा तोंडी करतो. मार्च महिना तोंडावर आला असता निधी कसा संपवावा यावर आमच्या सरकारी कचेऱ्यांत जी धावपळ चालते, तिच्याशी या हिशेबाची तुलना वाचकांनी स्वतःच करून पाहावी.

याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. खेळात झोतभट्टी नावाची एक सुधारलेली भट्टी असते. ती धातू दुप्पट वेगाने गाळते, पण ती उभारायला एक साधी भट्टी, भाजून गुळगुळीत केलेले ३ दगड आणि लोखंडाच्या ५ लगडी लागतात. म्हणजे पहिल्या मोजक्या लगडी अंगावर घालायच्या की यंत्रात गुंतवायच्या, असा पेच पडतो. चिलखत नसेल तर रात्रीची पिशाच्चे मारतात. भट्टी नसेल तर लोखंड सदैव तुटपुंजे राहते. १९५६ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी देशापुढे ठेवलेला प्रश्न तत्त्वतः हाच होता. आज वापरायच्या वस्तू आधी, की उद्या वस्तू निर्माण करणारी यंत्रे आधी? त्या योजनेने पोलादाला अग्रक्रम दिला. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर हे कारखाने उभे राहिले. शेतीकडे द्यावे तेवढे लक्ष तिने दिले नाही, ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्त होती. निदान प्रश्न उघड्यावर मांडला गेला आणि त्यावर देशभर वाद झाला. १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली, आणि तेव्हापासून तर नियोजन ही कालबाह्य वस्तू असून बाजार सारे आपोआप जुळवून घेतो, असे सांगणाऱ्या पंडितांना ऊत आला आहे. त्यांच्याच घरातली मुले मध्यरात्री कोळशाचा ताळेबंद मांडीत बसलेली असतात, हा विनोद त्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही. नियोजनाची हौस माणसातून गेलेली नाही. ती भागवण्याची खरी जागा तेवढी त्याच्यापासून हिरावून घेतली गेली आहे.

येथवर खेळाची बाजू झाली. आता त्याने जे पुरले आहे ते उकरून काढू. डोंगर कोणाचा, असे विचारणारे त्या मुलखात कोणी नाही. ज्याच्या हाती टिकाव त्याची खाण. झाड तोडले तर रोप लावावे, ते पाहता पाहता वाढते. डॅनियल डीफोने १७१९ साली रॉबिन्सन क्रूसोला बेटावर नेऊन टाकले तेव्हापासून अर्थशास्त्रज्ञांना या एकांड्या पुरुषाचा मोह पडलेला आहे, आणि मार्क्सने ‘भांडवल’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्या मोहाची थट्टा केलेली आहे. रॉबिन्सनच्या वहीत वस्तू आणि तिला लागलेले श्रम यांचा हिशेब स्वच्छ दिसतो, कारण मालक आणि मजूर तेथे एकच. एकाने खणायचे, दुसऱ्याने गाळायचे आणि तिसऱ्याने विकायचे असे झाले की ती वही धूसर होते. खेळ नेमकी ही धूसर पाने फाडून टाकतो आणि मुलाला सांगतो की पाहा, सारे कसे सोपे आहे.

शिवाय तो मुलूख अगदी निर्जनही नाही. त्यात गावकरी आहेत, आणि मुरलेले खेळाडू खाणीत उतरण्याऐवजी त्यांच्यापासूनच लोखंड काढतात. युक्ती अशी की गावकऱ्यांना कोठडीत डांबायचे आणि त्यांच्यासमोर एक पिशाच्च उभे करायचे. ते भ्याले की त्यांच्या रक्षणासाठी लोखंडाचा एक महाकाय पुतळा आपोआप प्रकट होतो. तो आधीच रचून ठेवलेल्या लाव्हारसात जळून मरतो आणि ३ ते ५ लगडी टाकून जातो. मग पुन्हा भय, पुन्हा पुतळा, पुन्हा लगडी. खेळाडूंच्या बोलीत याला लोखंडाचे ‘फार्म’ म्हणतात आणि ते रात्रंदिवस चालू राहते. रक्षणकर्त्याला मारून त्याचे लोखंड विकणारा, भयावर चालणारा हा कारखाना मुलांना कोणी दुष्टपणे शिकवला, असे आमचे म्हणणे नाही. नियम तसे होते, आणि हुशार मुलांनी त्यांतून वाट काढली. माणूस हिशेबात केवळ साधन म्हणून धरला गेला की हुशारी कोणत्या दिशेला वळते, याचा हा नमुना आहे, आणि तो फक्त पडद्यावरच पाहायला मिळतो असे नाही.

मोबाइल खाली ठेवून आता आमच्या पायाखालची जमीन पाहू. लातूर जिल्हा जवळजवळ सारा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या बेसाल्टमध्ये लोहाची ऑक्साइडे शेकडा १० च्या आसपास असतात, पण ती इतर खनिजांत अशी गुंतलेली असतात की त्यातून लोखंड काढण्याचा खटाटोप कोणी शहाणा करणार नाही. नांदेड जिल्ह्याच्या कडेला, किनवट, बिलोली, देगलूर, मुखेडच्या बाजूस, काळा पाषाण संपून जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. लोहा नावाचा तालुका या जिल्ह्यात आहे खरा, पण त्याची ख्याती माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेमुळे. लोखंडाशी तिचा संबंध नाही.

म्हणून या प्रदेशाचा लोखंडाशी कधी संबंधच नव्हता, असे मात्र नव्हे. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या ज्या राज्यात होतो, त्याच राज्यात गोदावरीच्या खालच्या अंगाला, निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम् येथे मातीच्या मुशीत पोलाद तयार होत असे. हेन्री व्हॉयसी या इंग्रजाने केलेले त्याचे वर्णन १८३२ साली प्रसिद्ध झाले. दोन ठिकाणचे लोखंड ठरावीक प्रमाणात मिसळायचे, मूस लोणारी कोळशाच्या आगीत तासन्‌तास ठेवायची, आणि ती हळूहळू निववायची. हे पोलाद नेण्यास इराणचे व्यापारी तेथवर येत. जंगल, खनिज, मूस आणि कारागीर ही सारी साधने काही कोसांच्या परिघात होती. विलायती लोखंडाच्या लाटेत त्या भट्ट्या विझल्या. पुढे १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, तेव्हा किनवट आदिलाबादेतून नांदेडात आला, मुधोळ नांदेडातून आदिलाबादेत गेला, आणि मुशीतल्या पोलादाची ती परंपरा तेलंगणाच्या इतिहासात जमा झाली. आमच्या वाट्याला उरला घिसाडी. गावकुसाबाहेर पाल ठोकून, भंगारातल्या कमानपट्ट्यांपासून विळे-कुऱ्हाडी घडवणारा. नवऱ्याने सांडशीत लोखंड धरावे आणि बायकोने घण घालावा, ही त्या धंद्याची रीत. घण घालणाऱ्या त्या बाईच्या श्रमाची नोंद कोणत्याही योजनेच्या कोणत्याही तक्त्यात कधी झालेली नाही.

धातू गाळायचा कोठे, खाणीपाशी की कोळशापाशी, हा खेळातल्या मुलाला पडणारा प्रश्न एकदा विदर्भाच्या आणि म्हणून पुढच्या महाराष्ट्राच्या नशिबाशी भिडलेला होता. १८८२ साली चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजाविषयी रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. खनिज उत्तम होते आणि वरोऱ्याचा कोळसा हाकेच्या अंतरावर होता. टाटांनी नमुने जर्मनीत तपासून घेतले, पण झोतभट्टीला लागणाऱ्या कामासाठी वरोऱ्याचा कोळसा नालायक ठरला. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा पुन्हा चांद्याच्या रानात फिरले, निराश झाले, आणि नागपूरच्या संग्रहालयातला एक भूशास्त्रीय नकाशा पाहून दुर्ग जिल्ह्यातील राजहऱ्याच्या डोंगराकडे वळले. अखेर भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे मयूरभंजचे खनिज पुढे आले, झरियाच्या कोळशाशी त्याचे गणित जमले, आणि साकचीचा माळ निवडला गेला. कंपनी १९०७ साली स्थापन झाली. चांद्याला पोलाद मिळाले नाही यात कोणाचे कारस्थान नव्हते. तो निसर्गाचा हिशेब होता आणि तो मान्य करावा लागतो. खेळात कोळसा म्हणजे कोळसा, त्याला जात नाही. खऱ्या जगात कोळशाच्या जातीवरून जिल्ह्यांची भाग्ये ठरली.

राजहऱ्याचा तो डोंगर मात्र पुढे कामाला आला. दल्ली-राजहराच्या खाणींवर भिलाईचा कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली त्याची पहिली झोतभट्टी पेटली. भिलाईत कायम नोकऱ्यांची नगरी वसली. खाणीत ठेकेदाराचे मजूर हातांनी खनिज फोडीत राहिले. १९७७ च्या जूनमध्ये त्या मजुरांवर गोळीबार झाला आणि ११ जण मेले. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील त्यांच्या संघटनेने नंतर जे केले ते या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. खाणींचे पूर्ण यांत्रिकीकरण होणार असे दिसताच त्यांनी नुसता नकार दिला नाही. माणसाच्या हाताला काम राहील आणि कारखान्याला खनिजही पुरेल अशी अर्ध-यांत्रिकीकरणाची पर्यायी योजना आकड्यांनिशी मांडली. स्वतःच्या वर्गणीतून त्यांनी १९८३ साली शहीद रुग्णालय उभे केले. नियोगींचा १९९१ साली झोपेत खून झाला. खनिजाच्या ताळेबंदात, यंत्र आल्यावर माणूस कोठे जाणार, ही ओळ मजुरांनी आपल्या हाताने लिहिल्याचे याहून ठळक उदाहरण आमच्या माहितीत नाही.

दिल्लीच्या नियोजनकारांनी दुसरीही एक युक्ती योजली होती. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत पोलादाची वाहतूक समान दराने आकारली जाई. भिलाईच्या दारात आणि मुंबईच्या गोदीत पोलादाचा भाव एकच. खनिजाच्या प्रदेशांचा नैसर्गिक फायदा त्यामुळे बुडाला, आणि बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश यांनी त्याविरुद्ध केलेली ओरड योग्यच होती. पण मग स्वस्त झालेल्या त्या पोलादाने मराठवाडा तरी घडला काय? भाव समान होता, बाकी काहीच समान नव्हते. आमच्याकडे मीटरगेज आणि नॅरोगेज. रुंद रुळांसाठी येथील लोकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. वीज, बँका, बंदर, बाजार सारे पुण्या-मुंबईकडे. एका वस्तूचा भाव सारखा करून प्रदेश सारखे होत नाहीत, एवढे त्या धोरणाने सिद्ध केले. कारखाने जेथे आधीच होते तेथेच आणखी वाढले.

आज चित्र पुन्हा पालटले आहे. स्पंज आयर्न करण्याच्या भट्टीला कोकची गरज नसते. ज्या जातीच्या कोळशामुळे चांद्याची संधी गेली, तो आता चालतो. म्हणून दृष्टी वळली गडचिरोलीकडे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. तेथील सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ साली एका खासगी कंपनीला मिळाला. विरोध, हिंसा आणि बंद्या यांतून वाट काढीत २०२१ पासून खाण जोमाने चालू झाली आणि २०२३ साली तिची परवानगीची मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यात आली. या वाढीसाठीची जनसुनावणी २०२२ च्या ऑक्टोबरात झाली, ती डोंगराच्या पायथ्याशी नव्हे, तर १०० किलोमीटरांहून अधिक दूर, गडचिरोलीच्या जिल्हा ठाण्यात. माडिया गोंडांचा ठाकूरदेव ज्या डोंगरावर आहे त्या डोंगराचे भवितव्य ऐकायला माडियानेच एवढा प्रवास करायचा! १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनाधिकार कायदा ग्रामसभेला जो अधिकार देतात, तो याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून देशाला दाखवून दिला होता. त्याच जिल्ह्यात नव्या खाणींविरुद्ध तोडगट्टा येथे २०२३ साली महिनोन्‌महिने धरणे चालले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पोलिसांनी ते उठवले.

नक्षलवाद्यांनी २०१६ च्या डिसेंबरात सुरजागडला ट्रक जाळले, म्हणून ग्रामसभेचा प्रत्येक प्रश्न बंदुकीच्या खात्यात मांडणे सोयीचे पडते. आम्हाला तो हिशेब मान्य नाही. बंदूकवाल्यांनी आदिवासींना विचारले नाही, आणि खाणपट्टा देणारांनीही विचारले नाही.

कोणी म्हणेल की हे गडचिरोलीचे रडगाणे झाले, नांदेड-लातूरचा त्याच्याशी काय संबंध? संबंध सरळ आहे. मराठवाड्यात आज लोखंड वितळते ते जालन्यात. तेथील इंडक्शन भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बांधकामाच्या सळ्या ओढतात. एक टन धातू वितळवायला ६०० युनिटांच्या आसपास वीज लागते. आणि भट्टीच्या तोंडाशी उभा असलेला मजूर बहुधा बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड येथून आलेला असतो, म्हणजे ज्या प्रदेशांतून पूर्वी खनिज बाहेर जाई त्या प्रदेशांतून आता माणूस बाहेर जातो. भंगारात ओल किंवा बंद डबा राहून गेला की वितळलेले लोखंड उसळते. खेळातल्या भट्टीला हात भाजण्याची सोयच ठेवलेली नाही.

लातूरची गोष्ट याहून बोलकी आहे. रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी येथे २०१८ च्या मार्चमध्ये झाली, २०२० च्या डिसेंबरात पहिला सांगाडा बाहेर पडला, छायाचित्रे निघाली, आणि मग गाडी थांबली. २०२३ साली १२० वंदे भारत गाड्यांचा करार एका भारत-रशिया भागीदारीतील कंपनीशी झाला आणि त्याचे स्थान म्हणून लातूरचे नाव पुन्हा पुढे आले. खेळातला पोरही भट्टी बांधण्याआधी खनिज, कोळसा आणि वाट यांचा विचार करतो. येथे शेड आधी उभी राहिली आणि काम काय करायचे हे नंतर ठरले. पूर्वेकडचा माल नांदेडला सरळ आणू शकेल असा वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग २००८ च्या सुमारास मंजूर झाला. त्याचा वर्ध्यापासून कळंबपर्यंतचा पहिला तुकडा वाहतुकीला खुला व्हायला २०२४ उजाडले. लगडी गाळायच्या हिशेबात सेकंद मोजणाऱ्या मुलांनी या गतीचे कोष्टक अवश्य मांडून पाहावे.

आणि पाणी? खेळात दोन बादल्या पाणी चौकोनी खड्ड्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत ओतले की अक्षय झरा तयार होतो. कितीही उपसा, आटत नाही. हा नियम लातूरच्या मुलाने हसून पाहावा की रडून, हे आम्हाला सांगता येत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये याच शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पहिली जलगाडी आली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते. बार्शी लाइट रेल्वेचे जुने अरुंद रूळ रुंद झालेले नसते तर तेही आले नसते. त्याच जिल्ह्यात उसाचे रान आणि साखर कारखाने उभेच होते. मांजरा धरणातले पाणी उसाला किती, माणसाला किती, आणि पोलाद कापणाऱ्या, जोडणाऱ्या, निववणाऱ्या कारखान्याला किती, या तीन आकड्यांची बेरीज करून ती सार्वजनिक ठिकाणी लावण्याचे धैर्य आजवर कोणत्या पालकमंत्र्याने दाखवले आहे?

अशी बेरीज करणारी माणसे या राज्यात नव्हती, असे नाही. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेषाचा आकडा सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा दाखवला. हिशेब मांडणे शक्य असते, हे त्या अहवालाने दाखवून दिले. वैधानिक विकास मंडळे यायला त्यानंतर १९९४ उजाडले. विजय केळकर समितीचा अहवाल २०१३ साली आला आणि फडताळात गेला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, आणि मुंबईत कोणाला त्याची चुटपुट लागल्याचे दिसले नाही. १९५३ च्या नागपूर करारात दिलेला शब्द हा राजकीय सौजन्याचा भाग होता, असे ज्यांना वाटते, ते शब्द देणाऱ्यांचे वारस आहेत.

मुलांच्या हातून मोबाइल काढून घ्या, ही मागणी आम्हाला अपुरी वाटते. मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी वेगळी मागणी करावी. सुरजागडहून निघणाऱ्या प्रत्येक टनाचा हिशेब एका जागी, मराठीत आणि माडियात, छापून लावला जावा: तो कोणत्या ग्रामसभेच्या रानातून निघाला, तिची संमती कोणत्या तारखेला घेतली, तो कोठे गाळला, किती कायम कामगार लागले आणि किती ठेक्याचे, कोणत्या नदीचे किती पाणी गेले, आणि २०१५ च्या दुरुस्तीने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात किती रुपये पडले व ते कोणत्या गावात खर्च झाले. जालन्याच्या भट्टीचा आणि लातूरच्या डब्याचा हिशेब त्याच तक्त्यात पुढच्या रकान्यांत यावा. वर्धा-नांदेड मार्गाची पूर्तीची तारीख त्यावर असावी. विकास मंडळ पुन्हा यायचे असेल तर हा तक्ता मागण्याचा आणि तपासण्याचा कायदेशीर अधिकार घेऊन यावे. नुसती शिफारशींची पोस्टपेटी आम्हाला नको.

आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. तेथील अर्थशास्त्राच्या आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या वर्षी क्षेत्रकार्य म्हणून हाच तक्ता भरायला द्यावा. ३६ लगडींना ५ कोळसे पुरतात हे ज्यांना पाठ आहे, त्यांना लातूरच्या कारखान्याचे रोजचे पाणी मोजणे जड जाणार नाही. कचेरीतून आकडे मिळाले नाहीत, तर कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेला नाकारले गेले, तेही त्यांनी त्याच तक्त्यात लिहावे.